दयाळ काय म्हणतोय? पुण्यात पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकताना

पक्ष्यांचे आवाज शिकायचे ठरवलं की बहुतेक जण पन्नास पक्ष्यांची यादी काढतात, फोनवर प्रत्येकाची एकेक क्लिप ऐकतात, आणि टेकडीवर पोचल्यावर त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. कारण साधं आहे. क्लिपमध्ये असतं ते पक्ष्याचं ठेवणीतलं गाणं. झाडावरचा पक्षी मात्र दिवसाचा बराच वेळ काहीतरी वेगळंच बोलत असतो. जोडीदाराला हाक देतो, मांजरावर खेकसतो, पिल्लांना गप्प बसवतो. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. पन्नास पक्ष्यांचा एकेक आवाज पाठ करू नका, एकाच पक्ष्याचे सगळे आवाज वर्षभर ऐका. आवाज कुठल्या प्रसंगाचा आहे हे कानाला कळायला लागलं की पुढची नावं भराभर जमतात. आणि या कामाला पुण्यात दयाळाइतका, म्हणजे बागांत दिसणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या, उभ्या शेपटीच्या पक्ष्याइतका, सोयीचा पक्षी दुसरा नाही.

पहिली पायरी: जागा, वेळ आणि थोडी निवड

घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा ठरवा. सोसायटीची मागची बाजू, कॉलेजचं आवार, कालव्याकाठचा रस्ता, जवळ असेल तर एम्प्रेस गार्डन किंवा विद्यापीठाचा परिसर. वेताळ टेकडी आणि तळजाई उत्तमच, पण आठवड्यातून एकदाच जाणं होणार असेल तर त्या दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. शिवाय सकाळी सहानंतर टेकडीवर निम्मे लोक खिशातल्या फोनवर भजनं किंवा जुनी गाणी लावून फिरतात, त्यांच्यापुढे शिंपी या इवल्याशा पक्ष्याचं काय चालणार?

वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून नंतरच्या तासाभरापर्यंत. मे महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर, त्याप्रमाणे गजर लावा. पहाटे हवा थंड आणि स्थिर असते, वाहनं कमी असतात, त्यामुळे आवाज लांबवर आणि स्वच्छ पोचतो. उजेड पुरेसा नसल्याने किडे शोधणंही अवघड, मग तो वेळ गाण्यात जातो. शहरी गोंगाटाचा पक्ष्यांवर परिणाम होतो हेही आता माहीत आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या पक्ष्यावर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गोंगाटाच्या भागातले नर खालच्या पट्टीतले स्वर टाळून गातात, कारण रहदारीची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते.

पहिले काही दिवस दुर्बीण घरीच ठेवा. पंधरा मिनिटं एका जागी बसा आणि प्रत्येक नव्या आवाजाच्या दिशेने नुसतं बोट करा. नाव नको, दिशा आणि उंची पुरे: जमिनीलगत, झुडपात, शेंड्यावर की उडताना. यात पहिल्याच आठवड्यात एक फसवणूक होणार आहे ती सांगून ठेवतो. एका लयीत, न थकता, मिनिटभर चाललेलं «चिक्-चिक्-चिक्-चिक्» हा पक्षी नव्हे, खार आहे. प्रत्येक चिक् बरोबर तिची शेपटी झटका देते, तो बघितलात की पुन्हा फसणार नाही.

दुसरी पायरी: गाणं की हाक?

गाणं सहसा लांब असतं, त्याला रचना असते, ते विणीच्या काळात वाढतं आणि उघड्या, उंच जागेवरून म्हटलं जातं. त्यातून दोन निरोप जातात: ही जागा माझी आहे, आणि जोडीदार हवी आहे. हाक आखूड असते, वर्षभर चालते, नर-मादी दोघंही देतात आणि प्रत्येक हाकेला तिचा प्रसंग असतो. संपर्काची, धोक्याची, उडताना द्यायची, भांडणाची, पिल्लांची अन्न मागण्याची.

फक्त नरच गातात, असं जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेलं असे. ती पुस्तकं बहुतांशी थंड प्रदेशात पक्षी बघणाऱ्यांनी लिहिली होती. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, माहिती उपलब्ध असलेल्या गायक पक्ष्यांपैकी 71 टक्के जातींत मादीही गाते असं आढळलं. आपल्याकडे दयाळाची मादीही अधूनमधून, विशेषतः नर जवळ असताना, थोडकं गाते. तेव्हा गातोय म्हणजे नर, असं वहीत लिहायची घाई करू नका.

आता एक भेद, जो शिकणाऱ्याचे कष्ट निम्म्याने कमी करतो. शास्त्राच्या वर्गवारीत कोकीळ हा गायक पक्षी नाही, कावळा मात्र आहे! गायक पक्ष्यांचा गट हा श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या ध्वनियंत्राची रचना आणि त्यांचा वंश यांवरून ठरतो. ही नलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे ते यंत्र बसलेलं असतं आणि गायक पक्षी त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतात, म्हणून काहींच्या गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर निघतात. महत्त्वाचं म्हणजे हे पक्षी गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिल्लं इतरांचा आवाज कानावर पडणार नाही अशी वाढवली, तेव्हा ती मोठेपणी अर्धवट, बिघडलेलं गाणं गायला लागली.

कोकिळेचं पिल्लू मात्र कावळ्याच्या घरट्यात, कावळ्याच्या आवाजात वाढतं आणि तरीही मोठेपणी «कुऊ»च करतं. त्याची हाक उपजत आहे. तांबट, पावशा, टिटवी, भारद्वाज यांचंही तसंच. म्हणजे यांचा आवाज आज कोथरूडमध्ये ऐकला तोच उद्या हडपसरला ऐकू येईल. सुरुवातीच्या आत्मविश्वासासाठी हे पाच पक्षी आधी पक्के करा, दोन आठवड्यांत होतात. पण दयाळ, बुलबुल, शिंजीर यांच्या बाबतीत चाल पाठ करून भागत नाही. एकाच जातीचे दोन नर वेगळं गातात, एकच नर आज आणि उद्या वेगळं गातो. तिथे चालीपेक्षा रचना ऐकावी लागते.

तिसरी पायरी: दयाळाच्या मागे एक वर्ष

दयाळ ओळखायला सोपा. नर चकचकीत काळा-पांढरा, मादीत काळ्याच्या जागी राखाडी, शेपटी उभी. भिंतीतली भोकं, जुने पाइप, झाडाच्या ढोली यांत घरटं करतो, त्यामुळे पेठांपासून उपनगरांपर्यंत बाग आणि थोडी झाडं असलेल्या वस्तीत सापडतो.

डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करा, म्हणजे तो जवळजवळ गप्प असताना. याच काळात त्याच्या हाका निवांत ऐकायला मिळतात. एक बारीक, ओढलेली, किंचित चढणारी शिट्टी, «स्वीई», बराच वेळ थांबून-थांबून. दुसरा आवाज खरखरीत, «चर्रर्र», मांजर, मुंगूस किंवा भारद्वाज घरट्याच्या बाजूला फिरकला की येतो. संध्याकाळी झोपायच्या जागी जाताना पुन्हा थोडी बडबड. या तीन प्रसंगांचे आवाज पाठ झाले की तुम्ही पुष्कळांच्या पुढे गेलात.

फेब्रुवारीच्या आसपास गाणं सुरू होतं. सुरुवातीला तुकड्या-तुकड्यांनी, मार्चपासून पूर्ण. तो ठरावीक शेंडे, टीव्हीच्या जुन्या अँटेना, पाण्याच्या टाक्यांचे कडे धरून बसतो. तुमच्या भागातल्या प्रत्येक नराची गायची ठिकाणं एका साध्या नकाशावर खुणा करून ठेवा. महिनाभरात त्या खुणांचे घोळके होतात आणि दोन नरांमधली हद्द कागदावर आपोआप दिसायला लागते. ही हद्द दिसली की गाण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. हद्दीजवळ गाणारा नर छाती फुगवतो, चोच वर करतो, शेपटी पसरतो, आणि पलीकडचा उत्तर देतो. दोघांत आळीपाळीने चाललं आहे की एक दुसऱ्याच्या गाण्यावर चढतोय, एवढं ऐका आणि लिहा.

गाण्याची रचना अशी: पाच-सात स्वरांचं वाक्य, छोटी विश्रांती, पुढचं वाक्य थोडं बदलून. स्वर स्वच्छ, शीळ घातल्यासारखे, चढ-उतार भरपूर. मधूनच दुसऱ्या पक्ष्याची नक्कल. ती पकडायची युक्ती म्हणजे विश्रांतीकडे लक्ष ठेवणं. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी दयाळ ती आपल्या वाक्याच्या मापात बसवतो, मूळ पक्ष्याच्या लयीत नाही.

जुलैनंतर गाणं ओसरतं. पिल्लं बाहेर पडलेली असतात आणि त्यांचा अन्न मागण्याचा सततचा, एकसुरी गलका ऐकू येतो. गायक पक्ष्यांची तरुण पोरं मोठं गाणं येण्याआधी दाट पानांत बसून हळू आवाजात, विस्कळीत पुटपुटतात. त्याला रियाज म्हणायला हरकत नाही. पावसाळा सरताना झुडपातून असं कुजबुजतं, न जुळलेलं काही ऐकू आलं तर नाव लावायची धडपड सोडा आणि थांबून ऐका.

चौथी पायरी: आवाज कागदावर

«गोड आवाज», «चिवचिव» असं लिहून काही उपयोग नाही. मी चार गोष्टी लिहितो. पट्टी उंच की खालची. स्वर सरळ, चढता, उतरता की थरथरता. एकच अक्षर पुन्हा पुन्हा की बदलती वाक्यं. आणि दोन वाक्यांमध्ये थांबा किती. पेन्सिलीने रेघा काढा: चढत्या स्वराला वर जाणारी, खरखरीला नागमोडी, ठेक्याला टिंबं. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना इथे फायदा होतो, पण स्वरलिपीत लिहायच्या फंदात पडू नये. पक्ष्याचे स्वर आपल्या सप्तकाच्या खुंट्यांवर बसतील असं नाही आणि खूपसे आवाज त्याच्या कितीतरी वरचे असतात.

वय हाही मुद्दा आहे. उंच पट्टीतलं ऐकणं आधी कमी होतं, त्यामुळे साठीच्या पुढच्या अनेकांना फुलटोच्याची बारीक टिकटिक किंवा शिंजीराच्या काही हाका ऐकूच येत नाहीत. नातवंडाला सोबत न्या, ते बोट दाखवेल.

पाचवी पायरी: एकमेकांत मिसळणारे शेजारी

तांबट आणि भारद्वाज दोघंही झाडीतून एकसुरी ठोके देतात. तांबटाचा «टुक्-टुक्-टुक्» धातूवर हातोडी पडावी तसा, उंच झाडाच्या निष्पर्ण फांदीवरून, उन्हातही तासन् तास. आवाज काढताना त्याची चोच बंद असते आणि गळा फुगतो. तो मान फिरवतो तेव्हा आवाजाची दिशाही बदलल्यासारखी वाटते, म्हणून दिसत नाही. भारद्वाजाचं «हूप्-हूप्-हूप्» खूप खालच्या पट्टीत, जमिनीजवळच्या गच्च झाडीतून.

कोकीळ आणि पावशा दोघंही आवाज चढवत नेतात. नर कोकिळाचं «कुऊ» दोन भागांचं, मादीचं मात्र तीव्र, घाईचं «किक्-किक्-किक्», तिला अनेक जण वेगळाच पक्षी समजतात. पावशा तीन भागांत बोलतो, «पेरते व्हा» तसंच ऐकू येतं. दर वेळी पट्टी वर, शेवटी किंचाळल्यासारखं टोक गाठून एकदम बंद, मग पुन्हा तळापासून. तो मे-जूनमध्ये रात्रीही ओरडतो. चांदण्या रात्री दोनला जाग आली तर चिडू नका, वेळ लिहून ठेवा.

छोट्यांमध्ये खरी गडबड आहे. शिंपी आकाराने एवढासा आणि आवाज सोसायटीभर: एकच अक्षर, «टुविट्-टुविट्-टुविट्», बदल न करता. राखी वटवट्या गातानाचं वाक्य जास्त घाईचं, जोडीला नाकातलं «टीं-टीं», आणि झुडपातून उडताना चटचट असा कोरडा आवाज. हा चटचटाट ऐकू आला की नाव नक्की. साधा वटवट्या मात्र किड्यासारखा कोरडा कंप काढतो, तो बागेपेक्षा गवतात शोधा. जांभळा शिंजीर फेब्रुवारी ते मे तारेवर किंवा उघड्या टोकावर बसून जलद, घरंगळणारं गातो. सुभग तर सगळ्यांत फसवा. लांब ओढलेली शिट्टी आणि शेवटी एकदम खाली टाकलेला स्वर ही त्याची ओळख, पण त्याच्याकडे इतके प्रकार आहेत, की टेकडीवर नवी, ताणलेली शीळ कानावर आली तर आधी सुभगाचा संशय घ्यावा.

नकलाकारांचं वेगळं. कोतवाल शिक्र्याचा, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याचा, आवाज काढतो, लांब शेपटीचा खाटीक बसल्या बसल्या चार-पाच पक्षी ऐकवतो. एकाच जागेवरून तीन वेगळ्या जाती बोलत असतील तर तिथे एकच पक्षी आहे.

सहावी पायरी: घाबरलेले आवाज

मला विचाराल तर सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी भाग हाच. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मार्लर यांनी 1955 मध्ये दाखवलं, की धोक्याच्या हाकांची घडण धोक्याच्या प्रकारावर ठरते. डोक्यावर शिक्रा असेल तर अनेक छोटे पक्षी बारीक, उंच, हळू सुरू होऊन हळू विरणारी «सीई» काढतात. अशा आवाजाला ठळक सुरुवात-शेवट नसल्याने तो कुठून आला हे शिकाऱ्याला चटकन कळत नाही. याउलट बसलेला पिंगळा, साप किंवा मांजर दिसलं तर खरखरीत, तोडून-तोडून, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला कलकलाट. इथे जागा कळावी हाच हेतू असतो, म्हणजे इतरही जमतात आणि शत्रूला हुसकावतात.

करायचं काय? बागेत अचानक शांतता पसरली तर वर बघा. एकाच झुडपाभोवती बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ असे भिन्न पक्षी एकत्र खेकसत असतील तर त्यांच्या नजरा जिथे वळल्यात तिथे, लांबूनच, दुर्बीण लावा. बहुतेकदा ढोलीच्या तोंडाशी पिंगळा किंवा फांदीवर साप मिळतो. सातभाईंचा गोंगाट मात्र यात धरू नका, ते घरगुती बाबींवरही तितकंच ओरडतात.

सातवी पायरी: फोनचा उपयोग आणि मर्यादा

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, ही सोय 2021 पासून आहे. भारताचा संच आधी डाउनलोड केला तर टेकडीवर नेटवर्क नसलं तरी चालतं. पण ते सुचवतं, सिद्ध करत नाही. नक्कल, खार आणि दूरचे पुसट आवाज यांत ते चुकतं. माझा नियम असा: आधी स्वतःचा अंदाज वहीत, मग ॲप उघडायचं, आणि पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह. ॲपचा खरा फायदा पडद्यावर सरकणाऱ्या चित्राचा आहे. आडवा अक्ष वेळेचा, उभा पट्टीचा. तांबट म्हणजे तळाशी समान अंतरावर आखूड ठिपके, दयाळ म्हणजे वर-खाली वळणारी अक्षरं, सातभाई म्हणजे उभे जाड पट्टे. चौथ्या पायरीतल्या पेन्सिलीच्या रेघा इथे पडताळून पाहता येतात.

ध्वनिमुद्रण करताना फोन विमान मोडवर, वाऱ्याकडे पाठ, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवा. अर्धा-एक मिनिट पुरतं. शेवटी स्वतःच्या आवाजात जागा, तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता ते बोला, हे शेवटचं वाक्यच पुढे कामाला येतं. पडताळणीसाठी झेनो-कँटो या खुल्या संग्रहात भारतात नोंदवलेले आवाज शोधा, युरोपातल्या ध्वनिफिती ऐकून इथल्या पक्ष्याचा निर्णय घेऊ नका.

आठवी पायरी: ऋतू आणि शहराबाहेर

ऑक्टोबर ते मार्च पुण्यात पाहुणे असतात आणि ते फारसे गात नाहीत, हाकाच देतात. थिरथिऱ्या शेपटी थरथरवत «टिट्-टिट्» करतो, लाल छातीचा माशीमार शेपटी उचलून आखूड «ट्रर्र» देतो, झुडपातला ब्लिथचा वटवट्या लपून «चक्... चक्» करत राहतो, शेंड्यावरचा हिरवट पर्णवटवट्या दोन भागांचं «चिस्-वीट्». यांना रंगावरून ओळखणं अनुभवी लोकांनाही जड जातं, हाकेवरून सोपं. दयाळाच्या हाकांवर हिवाळा घालवलेला माणूस इथे लवकर रुळतो. मार्च-एप्रिलमध्ये परतण्याआधी हिरवट पर्णवटवट्या थोडं गातोही, तेवढी संधी सोडू नका.

नदीकाठी मोठा धोबी दगडावर बसून लांब, गोड गातो, सासवड-सुप्याकडच्या माळावर चंडोल उंच उडत गातात. पावसाळ्यात मात्र सिंहगडाचा पायथा. ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पहाटे अगदी माणसाने निरुद्देश शीळ घालावी तसा गातो. चाल धरून बसू नका, ती पुन्हा तशीच येत नाही. झाडीतून दोन पक्षी मिळून एकच वाक्य पुरं करताना ऐकू आले तर तो बहुधा रानसातभाईंचा चोची वाकड्या असलेला भाऊबंद आहे, जोडीने गाणं ही त्यांची रीत.

एक गोष्ट टाळाच. पक्षी दिसावा म्हणून त्याचंच गाणं स्पीकरवर वाजवणं. हद्दीत परका नर शिरला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो, शत्रू सापडत नाही, पुन्हा येतो. तेवढ्या वेळात पिल्लांना घास नाही आणि मांजराला वाट मोकळी. विणीच्या काळात, घरट्याजवळ आणि अभयारण्यात तर हे मुळीच नको. ॲपमधली क्लिप ऐकायचीच असेल तर इअरफोन लावा, आणि सोबतचा कुणी छायाचित्रासाठी स्पीकर काढत असेल तर त्यालाही सांगा.